व्हिएन्नात उतू घातलेले दूध

परदेशी शहरात पहिले पाऊल टाकताना माणसाच्या मनात काय असावे, याविषयी मी बरेच वाचले होते. आणि त्यातले काहीही माझ्या मनात येऊ नये, याची व्यवस्था माझ्या थोरल्या भावाने विमानतळावरच केली. सामानाच्या पट्ट्यावरून त्याची तपकिरी बॅग येताना दिसली, तेव्हा करड्या सुटातल्या एका उंच गृहस्थाला तो म्हणाला, "ओ पावणं, जरा सरकून घ्या की." गृहस्थ सरकले. मराठीचे अक्षर न समजता सरकले. भावाने बॅग उचलली, माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "बघ. आन् तू पाच वर्सं क्लास लावलास."

ही पाच वर्षे जर्मन भाषेची. कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात मी भूगोल शिकवत असे. चोपन्नाव्या वर्षी, निवृत्ती दिसू लागल्यावर, राजारामपुरीत एका स्टेशनरीच्या दुकानावर भरणाऱ्या जर्मनच्या वर्गात मी नाव घातले. वर्गात बाकी सगळ्या परिचारिका होऊन परदेशी जाऊ पाहणाऱ्या मुली होत्या. त्या मला 'सर' म्हणत, माझी वही उतरवून घेत आणि धडधडीत चुकीचे जर्मन न लाजता बोलत. मी त्यांना मनातल्या मनात हसत असे. वर्ष-दीड वर्षात त्या एकेक करून जर्मनीतल्या इस्पितळांत कामाला लागल्या, आणि मी पुढच्या तुकडीबरोबर त्याच बाकावर बसलो. लिहिताना मी चुकत नसे. बोलायची वेळ आली की वाक्य आधी मनात पूर्ण बांधून पाहत असे, आणि ते बांधून होईपर्यंत समोरची मुलगी तिसऱ्याच विषयावर पोहोचलेली असे.

निवृत्तीनंतर बारा दिवस व्हिएन्नात, हॉटेलात नव्हे तर एखाद्या घरात राहायचे, असे मी ठरवले. जागा मिळाली ती एका निवृत्त शिक्षिकेची. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर पाहुण्यांसाठी. खालच्या मजल्यावर ती स्वतः राहत असे. तिच्याशी माझा चार महिने पत्रव्यवहार चालला. होती ती ई-मेलच. पण एकेक लिहायला मला दोन संध्याकाळी लागत, म्हणून मी त्यांना पत्रे म्हणतो. शेवटच्या पत्रात तिने लिहिले होते, 'इतके नेटके जर्मन हल्ली आमच्याकडेही कोणी लिहीत नाही. आपण आल्यावर पहिल्या बुधवारी दुपारी चार वाजता माझ्याकडे कॉफीला यावे. आपण जर्मनमध्येच बोलू.'

त्या बुधवारसाठी मी निघालो होतो. राजवाडे आणि चित्रे कोणालाही पाहता येतात. एका परक्या, सुशिक्षित व्यक्तीने तिच्या भाषेत मला तासभर बरोबरीचा मानावे, एवढेच मला हवे होते. आणि सबंध आयुष्यात मी दुसऱ्या कशाचीही इतकी हाव धरली नव्हती.

भावाला हे सांगितले ते मीच. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत त्याचा बिडाच्या ओतकामाचा कारखाना आहे, आणि जगात ओतता येत नाही अशा वस्तूविषयी त्याला फारसे कुतूहल नाही. तो म्हणाला, "एकटा कुटं जातोस? तितं आजारी पडलास तर पेज कोन करून घालंल? आमी बी येतो की." 'आमी' म्हणजे तो आणि वहिनी. मला नाही म्हणता आले नाही, हे अर्धेच खरे. एकट्याने जायची मला भीती वाटत होती, हे उरलेले अर्धे. मी अविवाहित माणूस. आजवर पंढरीइतकाही लांबचा प्रवास कोणाच्या तरी मागे चालल्याशिवाय केलेला नव्हता.

निघण्यापूर्वी मी एक खबरदारी घेतली होती. घरमालकिणीने एकतीस नियमांचा कागद पाठवला होता. कचऱ्याचे डबे किती रंगांचे, रविवारी कोणते आवाज करायचे नाहीत, खिडकी किती वेळ आणि किती कोनात उघडायची, असे सगळे त्यात होते. हवा आत घेण्याच्याही सूचना देणाऱ्या या लोकांविषयी मला तेव्हाच थोडी शंका यायला हवी होती. पण मी तो कागद आदराने मराठीत उतरवला आणि सुवाच्य अक्षरात एक प्रत भावाला दिली. चौदावा नियम मी असा लिहिला होता: 'काचपृष्ठीय शेगडीवर शर्करायुक्त द्रव्याचा निपात कटाक्षाने टाळावा, तथापि तसा घडल्यास तप्तावस्थेत शीतजलाचा प्रयोग करू नये.'

वहिनीने तो कागद दोनदा वाचला. ती हातकणंगल्याकडच्या शेतकरी घरातली, दहावीपर्यंत शिकलेली. "भावजी," ती म्हणाली, "ह्ये सातबाऱ्यागत वाटतंय."

"मराठीच आहे, वहिनी."

"व्हय, ते दिसतंय की. पर सांगतंय काय?"

भावाने कागदाची घडी केली आणि भडंगाच्या डब्याला तेल सुटते म्हणून ती खाली घातली. एकतीस नियम असे तेलात भिजत युरोपात पोहोचले.

शहरात शिरलो ती रविवारची सकाळ होती. दुकाने बंद, रस्ते धुऊन पुसून ठेवल्यासारखे, आणि ट्रॅममध्ये माणसे अशी बसलेली की जणू प्रत्येकाने आपापल्या भोवती कुंपण घालून घेतले होते. शहर सुंदर होते, आणि आपण सुंदर आहोत हे त्या शहराला फार जास्त माहीत होते. छपराखालच्या दगडी बायका इमारतीचे ओझे डोक्यावर घेऊन खाली आमच्याकडे बघत होत्या. भाऊ मात्र खांब पाहत होता. दिव्याचा खांब, पुलाचा कठडा, बाकाचा पाय, जे दिसेल त्यावर तो बोटाच्या पेराने टकटक करी आणि निकाल देई. "ह्यो बिडाचा. जुना हाय, पर सच्चा." "ह्यो भुक्कड. आत पोकळी हाय बघ." साम्राज्ये आली आणि गेली, भावाच्या हाती त्यांतले फक्त ओतकाम लागले.

घरमालकीण दारातच उभी होती. सत्तरीची, आखूड पांढरे केस, चेहरा तपासून परत दिलेल्या उत्तरपत्रिकेसारखा. तिच्यासाठी मी विमानात एक वाक्य बांधून आणले होते. चार महिन्यांची पत्रे, प्रत्यक्ष भेटीचा आनंद आणि तिच्या शहराविषयीचा आदर, तिन्ही एकाच वाक्यात होते. 'आदरणीय बाई' एवढे मी उच्चारले आणि क्षणभर थांबलो. तो क्षण भावाने घेतला.

"व्हेरी गुड हाऊस!" तो गरजला, आणि जिन्याच्या कठड्यावर थाप मारली. "ओल्ड! बट स्ट्राँग! कास्ट आयर्न. आय मेक!"

ती इंग्रजीत उत्तरली. मग सगळे इंग्रजीतच झाले: किल्ल्या, कचऱ्याचे डबे, न्हाणीघराची कळ. मी मागे उभा राहून माझे वाक्य धरून ठेवले होते, लग्नात आहेराचे पाकीट द्यायला माणूस ताटकळतो तसे. जाताना मात्र ती माझ्याकडे वळली आणि जर्मनमध्ये म्हणाली, "बुधवारी चार वाजता. मी वाट पाहते."

मी म्हणालो, "हो."

पाच वर्षांच्या अभ्यासानंतर मी एका जर्मनभाषक व्यक्तीपुढे काढलेला हा पहिला सबंध उद्गार.

दार बंद होताच वहिनीने पदर खोचला. घर म्हणजे तिच्या लेखी स्वयंपाकघर. बाकीच्या खोल्या त्याला चिकटलेल्या असतात. तिने फडताळे उघडून पाहिली, चमच्यांची खिल्ली उडवली आणि ओट्यापुढे उभी राहिली.

"शेगडी कुटं हाय ओ भावजी?"

"ती काळी काच. तीच शेगडी."

"ह्यो आरसा?" तिने वाकून त्यात स्वतःचा चेहरा पाहिला. "जाळ दिसत न्हाय, आन् ह्यास्नी सैपाक कळतो!"

मग तिने फ्रिज उघडला. आत मालकिणीने पाहुण्यांसाठी पाव, लोणी, चार सफरचंदे आणि लिटरभर दुधाचे खोके ठेवले होते. वहिनी खोके हातात घेऊन अशी उभी राहिली, जणू कौल मिळाला. "बघा की! दूध आदीच आणून ठिवलंय. म्हातारीला रीत म्हाईत हाय."

"ते कॉफीत घालायला आहे, वहिनी."

"असू दे की. दूध ते दूध."

त्याच वेळी मला तिच्या दुसऱ्या हातात कुंकवाची डबी दिसली, आणि मी धावलो. तिला बाहेरच्या दाराच्या चौकटीवर स्वस्तिक काढायचे होते. ते चिन्ह या देशात काढणे गुन्हा आहे, ते का आहे, आणि मालकिणीच्या वयाच्या माणसाला ते पाहून काय वाटेल, हे मी तिला शक्य तितक्या थोडक्यात सांगितले. आयुष्यात मी इतक्या आवेशाने क्वचितच बोललो असेन.

"देवाचं चिन्न, आन् त्येचा गुन्हा?" वहिनी म्हणाली. "कसलं गाव म्हनायचं ह्ये!"

"गप की आता," भाऊ पलंगावरून ओरडला. "पोलीस न्हेतील धरून. म्हागारी मास्तरच्या हातची भाकरी खाऊ व्हय मी?"

तिने डबी मिटली. मी जिंकलो होतो. या विजयाच्या समाधानात मी माझ्या खोलीत गेलो, दार लावले आणि टेबलाशी बसून बुधवारसाठीची वाक्ये लिहू लागलो. माझ्या गावाविषयी ती नक्की विचारील; तेव्हा पंचगंगेच्या खोऱ्याविषयी चार वाक्ये, उसाविषयी दोन. अर्धा तास गेला असेल. दारावर टकटक झाली.

"भावजी, पूर्व कुटं?"

मी मोबाइलमधले होकायंत्र उघडले, पाहिले आणि म्हणालो, "खिडकीकडे. किंचित डावीकडे." तीस वर्षे भूगोल शिकवलेल्या माणसाला दिशा विचारली की तो सांगतो. कशाला हवी, हे मी विचारले नाही. नव्या घरात पाऊल टाकले की पूर्वेला तोंड करून दूध उतू घालतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मला ते ठाऊक नव्हते असे मी म्हणणार नाही. माझे पंचगंगेवरचे तिसरे वाक्य त्या वेळी फार चांगले जमत होते.

पुढचे मला आधी नाकाने कळले. जळक्या गुळाचा वास, पौषात गुऱ्हाळाजवळून जाताना येतो तसा, व्हिएन्नातल्या त्या बंद खोलीत शिरला. मी दार उघडले. वहिनीने कोल्हापुराहून पिशवीत घालून आणलेली पितळी पातेली काचेवर ठेवली होती, काचेच्या चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू लावले होते आणि दुधात मुठीएवढा गुळाचा खडा टाकला होता. नुसते दूध कसले उतू घालायचे, तिच्या माहेरी गूळ घालतात, असे तिने मला नंतर ऐकवले. दूध फाटले होते आणि फाटलेल्या अवस्थेतच उत्साहाने चारी बाजूंनी उतू जात होते. काचेवर त्याचा तपकिरी, बुडबुडणारा चिखल झाला होता. वहिनी हात जोडून, डोळे मिटून उभी होती.

"पूर्वेकडं गेलं!" भाऊ म्हणाला. "चांगलं झालं."

मी म्हणालो, "अरे, बंद करा!" पण शेगडी भावाने टकटक करता करता चालू झालेली; बंद कुठे करायचे ते कोणालाच माहीत नव्हते, त्या काचेला कळ नव्हती, स्पर्शाने उजळणाऱ्या खुणा होत्या, आणि त्या खुणा आता गुळाखाली होत्या. तेवढ्यात छतावरचे धुराचे यंत्र किंचाळू लागले. भाऊ कारखानदार माणूस. आग दिसली की हातावर हात धरून बसत नाही. त्याने नळाखाली तांब्या भरला आणि मी 'नको' हा शब्द पूर्ण करण्याआधी तो काचेवर ओतला.

टक्.

एवढाच आवाज झाला. काचेवर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एक बारीक, सरळ रेघ उमटली. चौदावा नियम दोन्ही कलमांसह मोडला होता. भावाने रेघेवरून बोट फिरवले आणि ओतकामातल्या माणसाच्या निर्विकारपणे म्हणाला, "ठिसूळ माल."

मालकीण दोन मिनिटांत दारात आली. यंत्र अजून किंचाळत होते. तिने आत येऊन खुर्चीवर चढून ते बंद केले, खिडक्या उघडल्या आणि मग शेगडीकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरे वाटले असते. तिथे फक्त खातरी झाल्याचे समाधान दिसत होते.

मी पुढे झालो. मला ठाऊक होते की आता जे बोलले जाईल त्यावर बुधवार ठरेल. "आदरणीय बाई," मी जर्मनमध्ये सुरुवात केली, "जी दुर्दैवी घटना आपल्या मालमत्तेच्या बाबतीत, आमच्या अनवधानाने..."

"कृपया इंग्रजीत बोला," ती इंग्रजीत म्हणाली. "लवकर होईल."

मी इंग्रजीत म्हणालो की हा अपघात होता. दूध विसरले, उतू गेले.

वहिनीला 'ॲक्सिडेंट' हा शब्द समजला. तिचा पारा चढला. "अवो बाई, अॅक्सिडेंट न्हवं! इसरायला मी काय येडी हाय?" मग तिने हातांनी सगळा विधी करून दाखवला: पातेली, जाळ, वर येणारे दूध, बाहेर सांडणारे दूध, जोडलेले हात. वर मालकिणीकडे बोट दाखवून म्हणाली, "तुमच्याच घराला बरकत यावी म्हनून केलं. सांगा की ओ भावजी हिला."

मी सांगितले नाही. मालकिणीने कोपऱ्यांतले कुंकवाचे ठिपके एकेक पाहिले. तिला भाषांतराची गरज नव्हती. हे मुद्दाम केले आहे, एवढे तिला कळले. शेगडी आता वापरायची नाही, माणूस शुक्रवारी येईल, भरपाई विमा पाहून घेईल, आणि रविवारी इतक्या मोठ्याने बोलत नाहीत, असे चार मुद्दे तिने मांडले आणि ती निघाली. दारात मी जर्मनमध्ये कसेबसे म्हणालो, "आणि बुधवार?"

तिने मला क्षणभर न्याहाळले. "बुधवार आहेच," ती म्हणाली. "आपण एकटे या."

पुढचे तीन दिवस आम्ही पाव, लोणी, भडंग आणि सफरचंदे खाऊन काढले. वहिनीला पश्चात्ताप नव्हता. दूध वाहिले होते, तेव्हा घर लाभले होते. घर चार मजले ऐकू जाईल इतक्या आवाजात तिला आणि भावाला लाभलेच. तिने मागच्या चौकात, जिथे पूर्वी गालिचे झटकत, त्या दांडीवर साडी वाळत घातली. समोरच्या तीन खिडक्या एकामागून एक बंद झाल्या. ऊन लागते म्हणून लावल्या असतील, असे वहिनीने ठरवले. भावाने कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याशी मैत्री केली. तो त्याच्याशी मराठी बोले, बेकरीवाला त्याच्याशी जर्मन, आणि रोज एक पाव जास्तीचा येई. या मैत्रीत अर्थ नावाची वस्तू नव्हतीच, म्हणून तिच्यात काही बिघडत नसे. मी तिच्याकडे फार वरून पाहत होतो.

मी स्वतः बागांतल्या बाकांवर बसून वाक्ये घोकत होतो. शेजारून जाणाऱ्या व्हिएन्नाकरांना पाहताना मला वाटे, ही माणसे ही भाषा किती निष्काळजीपणे वापरतात. अर्धी वाक्ये गिळतात, शेवट सोडून देतात. कुत्र्याशीसुद्धा ती माझ्यापेक्षा सहज बोलत.

बुधवारी साडेतीनला मी इस्त्रीचा सदरा घातला तेव्हा वहिनी तयार होऊन बसलेली दिसली. हिरवी साडी, केसांना तेल.

"आमी बी येतो की," ती म्हणाली. "काच फुटली ती फुटलीच. दोन शबुद बोलून माफी तरी मागतो म्हातारीची. तुमी सांगा तिला जर्मनीत."

माफीची भाषा ती तीन दिवसांत पहिल्यांदाच बोलली होती. मी म्हणालो, "आज नको, वहिनी. विम्याच्या कागदांचं काम आहे. एकालाच बोलावलंय."

"आसं व्हय." ती पुन्हा खाली बसली. "मग माझ्या वाटची माफी मागा हां तेवडी."

"जाऊ दे त्येला," भाऊ म्हणाला. "मास्तर इस्त्री मारून चाललंय. कागदाला कुनी अत्तर लावतं व्हय रं?"

खालच्या मजल्यावर दोन कप, दोन बशा आणि एक सुबक कापलेला केक मांडलेला होता. भिंतीवर जुने नकाशे होते. तीसुद्धा भूगोल शिकवत असे, हे पत्रांत कसे आले नाही कोण जाणे. ती प्रथम सावकाश बोलली, बहिऱ्याशी बोलावे तशी. मी उत्तर दिले. तिने नदीविषयी विचारले. पंचगंगेची चारही वाक्ये मी ओळीने म्हटली आणि पाचवे, न लिहिलेले, त्यांच्यामागून आपोआप आले. तिने वेग वाढवला. मीही वाढवला. चुका झाल्या असतील. पण ती थांबली नाही आणि इंग्रजीकडे वळली नाही. तिच्या विद्यार्थ्यांना नकाशावर डोंगर कुठून सुरू होतो हे कधीच दाखवता आले नाही, असे ती म्हणाली. माझ्याही नाही, असे मी म्हणालो, आणि आम्ही दोघे हसलो. तो अर्धा तास मी सुखी होतो. ते सुख मी नंतर कितीही तुच्छ ठरवले तरी ते तसे होते.

मग तिने कप खाली ठेवला.

"मला एक विचारायचे होते," ती म्हणाली. "शेगडीवर जे केले, ते आपल्याकडे सगळेच करतात? आपल्यासारखी शिकलेली माणसेसुद्धा?"

सात वर्षांपूर्वी मी नागाळा पार्कात माझा स्वतःचा फ्लॅट घेतला. किल्ली मिळाली त्या दिवशी मी वहिनीला फोन केला होता. सामान नंतर आणू, आधी दूध तेवढे तुम्ही येऊन उतू घाला, असे मीच म्हणालो होतो. ती पहाटेच आली, शेणाच्या अंगठ्याएवढ्या गोवऱ्यांवर बोळके ठेवून फुंकत बसली, डोळ्यांतून पाणी काढत. दूध वाहिले तेव्हा मी शेजारी हात जोडून उभा होतो. एकट्या माणसाचे घर आहे, त्याला निदान एवढे तरी असावे, असे मला मनापासून वाटले होते.

"नाही," मी म्हणालो. "ज्या घरात मी राहतो, त्या घरात असे काही कधीही केले गेलेले नाही. ते खेड्यातल्या, न शिकलेल्या लोकांचे वेड आहे. माझ्या भावाच्या बायकोला समजावणे माझ्या हातात नाही."

वाक्ये पूर्वतयारीविना आली होती. एकदाही अडखळलो नव्हतो.

"मला वाटलेच होते," मालकीण म्हणाली आणि केकचा दुसरा तुकडा माझ्या बशीत ठेवला. "आपली पत्रे वाचूनच कळत होते की आपण वेगळे आहात. आणि बघा, आता आपण किती सहज बोललात."

मी तो तुकडा संपवला. माफी मागायची राहिली. आणखी तासभर आम्ही नद्यांविषयी बोललो.

वर गेलो तेव्हा वहिनी दारातच होती. "काय म्हनली? लई रागात हाय?"

"नाही."

"आमचं काय निघालं?"

"काही नाही."

"चांगली हाय मग बाई," वहिनी म्हणाली, आणि हिरव्या साडीची घडी घालायला आत गेली.

उरलेल्या दिवसांत मालकीण जिन्यात भेटली की मला नाव घेऊन जर्मनमध्ये अभिवादन करी. माझ्या मागच्या पायरीवर वहिनी हात जोडून उभी असे. मालकिणीची नजर तिच्या खांद्यावरून भिंतीवर जाई. "तुमाला लई मानती की ओ ती," वहिनी दरवेळी म्हणे, आणि तिच्या आवाजात खरोखरचा अभिमान असे. मी पुढे उतरत राही.

निघण्याच्या सकाळी टेबलावर एक कार्ड होते. तिच्या रेखीव अक्षरात दोन ओळी: 'आपल्याशी बोलून आनंद झाला. पुन्हा अवश्य यावे, पण एकट्याने.' वहिनीने ते माझ्या आधी उचलले होते. तिला अक्षर लागत नव्हते. ती उलटसुलट करून पाहत होती.

"वाचा की भावजी. काय लिवलंय?"

"आनंद झाला म्हणते. पुन्हा या म्हणते."

"समद्यांनी?"

भाऊ बॅगेची चेन ओढता ओढता थांबून माझ्याकडे पाहत होता.

"सगळ्यांनी," मी म्हणालो.

कोल्हापुरात परतल्यापासून वहिनी ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. काच फुटली तरी म्हातारीने राग धरला नाही, उलट समद्यांना परत बोलावले, दूध वाहिल्याचा गुण आहे हा, असे तिचे म्हणणे. ऐकणाऱ्याचा विश्वास बसला नाही की ती मला हाक मारून बोलावून घेते, कारण मला जर्मन येते. मी जातो, आणि हो म्हणतो.